विलायती विरजण

हा प्रसंग मी दिनांक १७ फेब्रुवारी २०२३ रोजी, शुक्रवारी दुपारी, श्रीमती इरावती समर्थ यांच्याकडून त्यांच्या पुण्यातील राहत्या घरी ऐकला. घरगुती आंबवणाच्या पद्धती हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होता आणि त्यासाठी मी मुलाखती घेत होतो. प्रसंग घडला तेव्हा खोलीत तीनच माणसे होती. इरावतीबाई त्यांपैकी एक. त्यांनी जे पाहिले आणि जे ऐकले, तेवढेच येथे देतो.

ज्या डोंगरगावी हे घडले त्याचे नाव देत नाही. घरी बिअर करणे तेथे कायद्यात बसत होते की नाही, याची मला खात्री नाही. इरावतीबाईंना तसे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आम्हालाही नव्हती. म्हणून तर आम्ही कुणाला विचारलं नाही.”

*

“यातली विलायती कोणती, आणि माझी कोणती?”

हा प्रश्न शिष्याने गुरूला विचारला होता. अधिक काटेकोरपणे सांगायचे, तर होऊ घातलेल्या शिष्याने.

टेबलावर दोन पेले होते. दोन्हींत तांबूस सोनेरी बिअर. दोन्हींवर बोटभर फेस. एका पेल्याच्या बुडाला खडूची फुली होती. ती कोणत्या पेल्याला आहे, हे फक्त विचारणाऱ्याला ठाऊक होते.

विचारणारा प्रसेन कुलथे. वय तिशीच्या आसपास, गाव नाशिक. औषधांच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत तो काम करत असे. ती नोकरी त्याने नुकतीच सोडली होती. दोन मित्रांसह त्याने बिअर करण्याच्या एका लहानशा कारखान्याचा परवाना मिळवला होता, आणि तेथे पहिली बिअर कोणती करायची हे त्याने एकट्याने ठरवून टाकले होते. जुन्या वळणाची इंग्रजी पेल एल. मंद कडवट, फार थंड न करता सावकाश प्यायची.

आणि समोर बसले होते ते भाई तळपदे.

भाईंनी ऐंशी ओलांडली होती. तरुणपणी त्यांनी इंग्लंडमधील एका लहान गावी, नेमकी हीच बिअर करणाऱ्या कारखान्यात उमेदवारी केली होती. परतताना कोटाच्या आतल्या खिशात, औषधाच्या बाटलीतून, त्यांनी तिथले यीस्ट आणले. पुढे नोकऱ्या दुसऱ्यांच्या कारखान्यांत केल्या, तिथल्या बिअरी निराळ्या. घरी मात्र ते हीच बिअर लावत राहिले.

कालच्या दह्यातून आजचे दही लावतात, तसेच हे. मागच्या बिअरच्या भांड्यात तयार झालेले यीस्ट काढून ठेवायचे आणि पुढच्या बिअरला लावायचे. फार खंड पडला तर ते मरते. भाई त्याला यीस्ट म्हणत नसत. विरजण म्हणत.

त्या वर्षी भाईंचे हात थरथरू लागले. उकळते भांडे उचलवेना.

सर्वांत जुन्या शिष्या इरावतीबाई. विरजण त्यांच्याकडे जावे, हे सरळ होते. पण एका तापानंतर त्यांची वास घेण्याची शक्ती गेली होती, ती परत आली नव्हती. “नाक गेलेल्या माणसाच्या हाती विरजण देऊ नये. बिघडलं तरी त्याला कळायचं नाही,” हे त्यांनी स्वतःच भाईंना सांगितले होते. मला हे सांगून झाल्यावर त्यांनी मला आणखी चहा हवा का, असे विचारले.

म्हणून भाईंनी ओळखीच्या लोकांत निरोप धाडला होता. विरजण कुणाला तरी द्यायचे आहे. मागायला येणाऱ्याने स्वतः केलेली बिअर घेऊन भाईंच्या घरी यावे.

प्रसेन दोन घेऊन आला होता. एक स्वतःची. दुसरी ज्या विलायती बिअरवरून ती बेतली होती, ती.

*

भाईंनी पेल्यांना हात लावला नाही.

“परीक्षा तुमची आहे, असा माझा समज होता,” ते म्हणाले.

“माझीच आहे,” प्रसेन म्हणाला. “पण तुम्हालाच मूळ ओळखता आलं नाही, तर मी पास. नाही का?”

“त्या क्षणी,” इरावतीबाई मला म्हणाल्या, “त्याला पायऱ्यांवरून ढकलून द्यावं असं मला वाटलं. पायऱ्या तशा चारच होत्या.”

भाई हसले. त्यांनी एक पेला ओढला, दोन्ही तळव्यांत धरला आणि नुसते बसून राहिले.

“भाई, फेस बसतोय.”

“बसू द्या की. तो काय उभं राहायला आलाय?”

“तसं नाही. फेस गेला की वासही...”

“थंड आहे अजून. थंडीत सगळ्याच बिअरी गप्प असतात. जरा ऊब लागली की बोलतात.” भाईंनी पेल्यावर तळवा झाकला. “तोवर तुम्ही बोला. पाण्यात काय घातलंत?”

“जिप्सम. त्या गावाच्या पाण्यात जेवढं असतं तेवढं. प्रयोगशाळेत मोजून.”

“आमच्या वेळी जिप्समचं प्लास्टर पाय मोडल्यावर घालायचे.”

प्रसेन हसला नाही.

“आणि जव?” भाईंनी विचारले. मोड आणून वाळवलेले जव हा या बिअरचा आधार.

“तिथलेच. मोडही तिथेच आणलेले. इथल्या जवांना तो दाणेदारपणा येत नाही.”

“हॉप्स?” ही कडू फुले. कडवटपणा त्यांचाच.

“तिथलीच.”

“बाटल्या?”

“बाटल्या...” प्रसेन अडखळला. “बाटल्या नाशिकच्या.”

“हरकत नाही,” भाई म्हणाले. “बाटली कुणी पीत नाही.”

मग त्यांनी तळवा काढला. वास घेतला. डोळे मिटले. एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरला.

दुसरा पेला. वास. घोट.

पुन्हा पहिला.

बाहेर कुठेतरी कुणी लाकडे फोडत होते. प्रसेनने एकदा इरावतीबाईंकडे पाहिले. त्यांनी खांदे उडवले.

“फरक नाही,” भाई म्हणाले.

“म्हणजे?”

“दोन्ही एकच आहेत.”

प्रसेन उठून उभा राहिला. त्याला काय करावे ते कळेना, म्हणून तो पुन्हा बसला. “नीट पाहिलंत ना, भाई? म्हणजे... उगाच माझं मन राखायला नाही ना?”

“मन राखायचं तर मी म्हणालो असतो, तुमची सरस आहे.”

प्रसेनने तोंडावरून हात फिरवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते, असे इरावतीबाई सांगतात. नोकरी सोडल्यापासून घरात त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हते, हे त्यांना नंतर कळले.

“मग विरजण...” तो म्हणाला.

“थांबा. इतकी जुळली कशी, ते सांगा. मला उत्सुकता आहे.”

*

हा प्रश्न प्रसेनला आवडला असावा. कारण उत्तर देताना तो पुढे झुकून, हातवारे करत बोलू लागला.

“बाकी सगळं लवकर जमलं. रंग, कडवटपणा, सगळं. पण विलायती बिअरमध्ये एक खूण आहे, ती येईना. घोट गिळला की मागून येते. तुम्हाला लागलीच असेल.”

“कशी, सांगा ना.”

“आधी मधासारखी. आणि मधाच्या मागे... कसं सांगू? बंद कपाट उघडल्यासारखी. जुनी, मऊ. बाकी बिअर कुणीही करेल, भाई. जे काही अस्सल आहे ते त्या खुणेत आहे.”

“असं?”

“मी निरनिराळे जव भाजून पाहिले. मध घालून पाहिला. मधाने मध आला, कपाट काही येईना.”

“मग कपाट कुठे सापडलं?”

“अपघाताने.” प्रसेनने आवाज खाली आणला, जणू कुणी चोरून ऐकत होते. “एका खेपेला बाटल्या भरताना चूक झाली, आत हवा राहिली. त्या टाकून द्यायच्या म्हणून पत्र्याच्या माळ्यावर ठेवल्या आणि विसरलो. एप्रिल होता.”

“नाशिकचा एप्रिल.”

“हो. नंतर एक उघडली, आणि भाई... ती खूण! तीच्या तीच! तेव्हापासून मी मुद्दाम हवा राहू देतो आणि बाटल्या माळ्यावर चढवतो. आई म्हणते, लोणचं घालतोयस की दारू करतोयस?”

इरावतीबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. “मला वास येत नव्हता,” त्या मला म्हणाल्या, “पण कान शाबूत होते. काय झालंय ते मला तिथेच कळलं. मी भाईंकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं, आणि त्या पोराचा चेहरा तर असा उजळला होता.”

भाई हसले नव्हते.

“ही विलायती बाटली तुम्हाला कुठे मिळाली?”

“मुंबईत. एका दुकानदाराने एकच खोकं मागवलं होतं. सगळं मीच उचललं. थेंब थेंब जपून वापरलंय.”

“आली कशी?”

“जहाजाने. मग कागदपत्रांत अडकली म्हणे. पावसाळाभर बंदरात पडून होती.”

“कुठे पडून होती?”

“ते मी नाही विचारलं. गोदामात असेल.”

“पत्र्याच्या?”

प्रसेनचे हातवारे थांबले.

“त्या गावी तुम्ही गेला होतात कधी? तिथे जाऊन प्यालात?”

“नाही. माझं इंग्लंड म्हणजे ते एक खोकं.”

भाईंनी मान हलवली. प्रसेन ज्यातून बाटल्या घेऊन आला होता ते पुठ्ठ्याचे खोके दाराशी होते. भाईंनी तिकडे बोट केले.

“इरू, ते आण बरं इकडे. आणि गरम पाणी. कपात.”

*

खोक्याचे एक झाकण भाई स्वतः फाडू लागले. हात थरथरत होते, पुठ्ठा जाड होता. बराच वेळ लागला. प्रसेन मदतीला पुढे झाला, तेव्हा इरावतीबाईंनी त्याला खुणेने थांबवले.

तळहाताएवढा तुकडा निघाला. भाईंनी तो मोडून गरम पाण्याच्या कपात बुडवला आणि वर बशी झाकली.

“हे काय?” प्रसेनने विचारले.

“काढा.”

“कशावर?”

“बघू.”

थोड्या वेळाने त्यांनी कप प्रसेनपुढे सरकवला.

“डोळे मिटा. बशी मी काढतो. वास घ्या.”

प्रसेनने वास घेतला. त्याच्या कपाळावर आठी उमटली. डोळे न उघडता त्याने हाताने चाचपत बिअरचा पेला शोधला. त्याचा वास घेतला. मग पुन्हा कपाचा. पुन्हा पेल्याचा.

“यात मध नाही,” तो सावकाश म्हणाला.

“नाही. मध बाजूला काढा. त्याच्या मागचं कपाट?”

प्रसेनने पुन्हा कपावर वाकून वास घेतला.

“घाई नाही.”

“हेच आहे,” प्रसेन म्हणाला. त्याने डोळे उघडले. “हेच आहे, भाई. पण हा तर पुठ्ठा आहे.”

शेवटी इरावतीबाईंनी सांगितले. “बिअर हवा लागून, उष्णता लागून शिळी झाली की तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. कारखान्यात नवीन माणसाला सगळ्यात आधी हाच वास ओळखायला शिकवतात. काय ओतून टाकायचं ते कळावं म्हणून.”

“म्हणजे मूळ बाटली...”

“बंदरातच गेलेली.”

“आणि मी...”

“तू ती जुळवलीस,” भाई म्हणाले. “तंतोतंत.”

येथवर भाई त्याला ‘तुम्ही’ म्हणत होते. येथून ‘तू’ म्हणू लागले. तो मान उतरल्याचा ‘तू’ होता की जवळ घेतल्याचा, हे आपल्याला त्या वेळी सांगता आले नसते, असे इरावतीबाई म्हणतात.

प्रसेनचा चेहरा लाल झाला. “तुम्हाला पहिल्याच घोटाला कळलं होतं.”

“वासालाच.”

“मग ‘फरक नाही’ का म्हणालात?”

“तू काय विचारलं होतंस?”

“यातली विलायती कोणती...”

“दोन्हींत फरक नव्हता. खोटं कशाला बोलू?”

*

भाईंनी इरावतीबाईंना पाण्याच्या मडक्याजवळची एक बाटली आणायला सांगितली. ती त्यांची स्वतःची होती. आदल्या महिन्यात इरावतीबाईंनी भांडी उचलली होती आणि भाईंनी खुर्चीवर बसून सांगितले होते, तशी केलेली. वाळ्याच्या पडद्यामागे, मडक्याच्या गारव्याला ठेवलेली.

“ही पी.”

प्रसेनने घोट घेतला. थांबला. आणखी एक घेतला.

“कशी आहे?”

“चांगली आहे...”

“पण?”

“खरं सांगू? अपुरी वाटते. शेवटी काहीतरी यायला हवं, ते येत नाही.”

“काय यायला हवं?”

प्रसेनने तोंड उघडले, आणि तसेच उघडे ठेवले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, “पुठ्ठा.”

आता मात्र इरावतीबाईंना हसू आवरले नाही. भाईही हसू लागले, खोकला येईपर्यंत. प्रसेन सर्वांत शेवटी हसला, आणि त्याचे हसणे लवकर थांबले.

“एक विचारू का?” भाई म्हणाले. “नसेल सांगायचं तर सांगू नकोस.”

“विचारा.”

“ते खोकं आलं. पहिली बाटली उघडलीस. तेव्हा अजून काही जुळवायला बसला नव्हतास. पहिला घोट कसा लागला होता?”

प्रसेनने हातातला पेला टेबलावर ठेवला.

लाकडे फोडण्याचा आवाज थांबला होता.

“शिळा,” तो म्हणाला.

“मग?”

“मग वाटलं, आपलीच जीभ गावठी. एवढ्या लांबून आलेली, एवढ्या नावाची बिअर. ती कशी शिळी असेल?”

“मग?”

“मग जीभ सुधारली.”

“किती?”

“...शिळी लागेनाशी झाली, तेवढी.”

भाईंनी टेबलावरचे पेले बाजूला सारले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी प्रसेनची हनुवटी दोन बोटांत धरली आणि तोंड उजेडाकडे वळवले.

“जीभ दाखव.”

“काय?”

“जीभ काढ बाहेर.”

तिशीच्या त्या पदवीधराने, घशाची तपासणी करून घेणाऱ्या मुलासारखी, जीभ बाहेर काढली. भाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. वाकून, अगदी लक्षपूर्वक, इकडून तिकडून पाहिले.

“आहे अजून,” ते म्हणाले. “इरू, विरजण आण.”

*

प्रसेन उठला.

“नको, भाई.”

तो बाटल्या गोळा करू लागला. खोक्याचे झाकण फाटले होते, त्यामुळे एक बाटली सारखी बाहेर डोकावत होती. ती दाबत तो म्हणाला, “मी मागायला आलो होतो, ते खरं. पण आता मलाच घ्यावंसं वाटत नाही. इतकी वर्षं तुम्ही ते जगवलंत. माझ्या हातात ते बिघडेल, आणि मी म्हणेन, वा, काय सुरेख खूण आहे.”

“शक्य आहे.”

“मग?”

“इरूला नाक नाही. तुला आहे, पण तू त्याचं ऐकत नाहीस. मला दोघांतून एकाला निवडायचंय.”

“भाई,” इरावतीबाई म्हणाल्या, “मी अजून इथेच बसलेय.”

“म्हणून तर तुझ्यादेखत बोलतोय. मागून बोललो असतो तर वाईट.”

“माझ्याऐवजी यांनाच द्या,” प्रसेन म्हणाला. “बिघडलंच तर त्या निदान कौतुक करणार नाहीत.”

इरावतीबाई या वेळी हसल्या नाहीत. त्या उठल्या. “भाई, देऊन टाका त्याला,” त्या म्हणाल्या. “माझं नाक परत यायचं नाही. त्याचं आज थोडं आलंय.”

मला हे सांगताना त्यांनी स्पष्ट केले की, हे वाक्य बोलायचे त्यांनी आधी ठरवले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांना स्वयंपाकघरात जावे लागले, आणि तेथे त्या बरणी हाती घेण्यापूर्वी काही वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. पुढचे विरजण या घरात लावले जाणार नाही, हे त्यांना तोवर नुसते माहीत होते. आता ते घडत होते.

बरणी काचेची होती. पूर्वी तिच्यात मुरांबा असे. तळाशी मळकट पांढरा गाळ, वर धुरकट पिवळसर पाणी, आणि त्यावर साईसारखा फेस. झाकण सैल ठेवले होते, कारण ते घट्ट लावले तर बरणी फुटते. त्या दिवशी सकाळीच इरावतीबाईंनी विरजणाला जवांचे गोड पाणी घातले होते, आणि ते जागे झाले होते.

भाईंनी बरणी टेबलावर ठेवून घेतली.

“उपास घडवू नकोस,” ते प्रसेनला म्हणाले. “आणि लाडही करू नकोस. आठवण आली की बिअर लाव. फार दिवस आठवण आली नाही, तर मला कळव.”

“हो, भाई.”

“फेसाला रोज हुंगून बघ. शंका आली तर ती शंका खरी मान. कुणाला विचारत बसू नकोस. मलाही नाही.”

“हो.”

प्रसेनने हात पुढे केला. मध्येच तो थांबला. माणूस एका दुपारीत किती बदलणार?

“भाई, शेवटचं एक विचारतो. राग नका धरू.”

“विचार.”

“हे तिथलंच आहे ना अजून? म्हणजे... इतकी वर्षं हे इथल्या पाण्यात, इथल्या हवेत वाढतंय. मधे दुसरं काही शिरलं असेल. बदललं असेल. मी एकदा प्रयोगशाळेत तपासून घेऊ का? मूळच्याशी ताडून?”

“कुठल्या मूळच्याशी?”

“त्या कारखान्यात असेल ना.”

“तो केव्हाच पाडला. तिथे आता राहायचे फ्लॅट झालेत. मला कुणीतरी फोटो पाठवला होता. छान आहेत, गॅलऱ्या आहेत.”

“मग हे खरोखर विलायती आहे, हे कळणार कसं?”

भाई उठले. त्यांनी बरणी दोन्ही हातांनी उचलली. हात थरथरत होते, पाणी आत हिंदकळत होते, फेस काठाशी येत होता. इरावतीबाई पुढे झाल्या, पण भाईंनी मान हलवून त्यांना नको म्हटले. टेबलाला वळसा घालून ते प्रसेनजवळ गेले आणि बरणी त्यांनी त्याच्या कानाला लावली.

“ऐक.”

प्रसेन ऐकू लागला.

“काय ऐकू येतं?”

“फसफसतंय,” तो म्हणाला.

*

प्रसेन कुलथे यांना मी पुढे त्यांच्या कारखान्यात जाऊन भेटलो. भाई त्यापूर्वीच वारले होते. दोन पेले, पुठ्ठ्याच्या काढ्याचा कप, जीभ दाखवणे, हे सर्व कुलथे यांनी जसेच्या तसे मान्य केले. जीभ दाखवण्याचा भाग वगळता आला तर बरे, असेही म्हणाले. विरजण त्यांच्याकडे जिवंत होते. मी ते पाहिले.

येथून पुढचा एक प्रश्न मात्र मला पडताळून घेता आला नाही. कुलथे यांच्या मते भाई त्यानंतर काहीच बोलले नाहीत. पण बरणी कानाशी होती आणि तिच्या आवाजापलीकडे आपल्याला काही ऐकू येत नव्हते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. इरावतीबाई समोर उभ्या होत्या आणि त्या ठाम आहेत. केवळ त्यांच्या भरवशावर देतो.

भाईंनी विचारले, “कोणत्या भाषेत?”